दादीच्या कवळीचे दात कोणत्या मापाने निवडतात?

आमच्या दादीने जवळपास चाळीस वर्षे मोहल्ल्यातील मुलांना सिपारा शिकवला. असरनंतर ओसरीवर चटई पडायची आणि मगरिबच्या अजानपर्यंत दहा-पंधरा मुले-मुली डोलत बसलेली असायची. वय झाले तसे दादीचे दात एकेक करून गेले. काही मिसरीने नेले, उरलेले हलायला लागले म्हणून काढावे लागले. काही महिन्यांनी एका दवाखान्यातून कवळी करून आणली. घरातल्या सगळ्यांना वाटले, चला, आता दादी पुन्हा पहिल्यासारखी जेवेल, बोलेल.

दादीने ती कवळी आठ दिवस घातली आणि मग स्टीलच्या डब्यात पाणी घालून त्यात ठेवून दिली. जेवताना नाही, पाहुण्यांसमोर नाही, मुलांना शिकवताना तर नाहीच. विचारले की एकच उत्तर, "ये दाँत मेरे नै."

खरे सांगायचे तर आम्ही चिडलो. एवढे पैसे घातले, इतक्या खेपा मारल्या, आणि आता म्हातारपणाचे हट्ट सुरू झाले, असे घरात बोललेही गेले. हळूहळू ओसरीवरची मुले कमी झाली. मग एका लग्नासाठी फुफी आली. तिने दादीला कवळी घालायला लावली, जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अम्मी, तुम्ही हसलात की दुसरीच कुणी बाई हसतेय असं वाटतं."

फुफीचे बरोबर होते आणि दादीचेही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी कॅलिपर लावून दाखवले. वरचे मधले दोन दात सव्वानऊ मिलिमीटरचे होते. दादीच्या छोट्याशा चेहऱ्याला ते फार मोठे होते. पण मोठे म्हणजे किती मोठे, आणि योग्य ते किती, हे दात गेल्यावर कोणी आणि कशावरून ठरवायचे? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा जे समजले ते वाचकांसमोर ठेवत आहोत, कारण असा एक डबा पुष्कळ घरांच्या कपाटात असेल.

डॉक्टरांपुढची अडचण

कवळीतले दात डॉक्टर घडवत नाहीत, ते कंपनीकडून तयार येतात. पुढचे सहा दात मेणाच्या पट्टीवर ओळीने लावलेले असतात, दाढांची पट्टी वेगळी. प्रत्येक पट्टीवर साच्याचा नंबर आणि रंगाचा नंबर असतो. कंपनीच्या तक्त्यात लहान-मोठे, रुंद-अरुंद, चौकोनी-गोलसर असे कितीतरी साचे दिलेले असतात आणि त्यातला एक निवडायचा असतो.

तोंडात चार-दोन दात शिल्लक असतील तर त्यांच्याकडे बघून निवड होते. सगळे गेले असतील तर हातात पुरावाच नाही. हिरडीकडे बघूनही फारसे कळत नाही, कारण दात काढल्यावर खालचे हाड झिजत जाते. वरचा जबडा आत आणि वर सरकत लहान होतो, खालच्याची उंची कमी होत जाते.

पुढच्या वरच्या मधल्या दाताची रुंदी बहुतेकांमध्ये आठ ते नऊ मिलिमीटरच्या आसपास असते. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो. पण एका दातामागे अर्धा मिलिमीटर वाढला की सहा दातांत तीन मिलिमीटर वाढतात. तेवढ्याने ओठ पुढे येतो, सुळे तोंडाच्या कोपऱ्यापाशी जातात आणि हसणे बदलते. घरचा माणूस हे अर्ध्या मिनिटात ओळखतो, फक्त काय बिघडले ते त्याला शब्दांत सांगता येत नाही.

मिजाजापासून मोजपट्टीपर्यंत

एकोणिसाव्या शतकात अमेरिका-युरोपातले दंतवैद्य माणसाच्या मिजाजावरून दात निवडत. ग्रीक वैद्यकातली चार प्रकृतींची जी कल्पना आपल्याकडे युनानी हकीमांच्या तोंडी दमवी, सफरावी, बलगमी, सौदावी अशा नावांनी ऐकू येते, तिचेच हे दूरचे नातलग. तापट माणसाला एका घडणीचे दात, शांत स्वभावाच्या माणसाला दुसऱ्या घडणीचे. यात मोजण्यासारखे काहीच नव्हते, सगळा डॉक्टरांच्या नजरेचा खेळ.

मग १९१४ च्या सुमारास जेम्स लिऑन विल्यम्स या अमेरिकन दंतवैद्याने वेगळी मांडणी केली. त्याने पुष्कळ कवट्या तपासल्या आणि सांगितले की चेहऱ्याचे मुख्य घाट तीन, चौकोनी, निमुळता आणि अंडाकृती, आणि चेहऱ्याचा घाट उलटा धरला की वरच्या मधल्या दाताचा आकार मिळतो. म्हणजे हनुवटीकडे निमुळत्या होत जाणाऱ्या चेहऱ्याला हिरडीकडे निमुळता होणारा दात. सांगायला सोपे, शिकवायला सोपे, आणि कंपन्यांना साचे बनवायलाही सोपे. आजही साच्यांच्या तक्त्यांत हीच तीन घराणी दिसतात. पुढे लोकांनी खऱ्या दातांचे आणि चेहऱ्यांचे घाट ताडून पाहिले तेव्हा पुष्कळांचे जुळलेच नाहीत. नियम टिकला नाही, साचे मात्र टिकले.

त्याच काळात मोजपट्टीही पुढे आली. वरच्या मधल्या दाताची रुंदी म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीचा सोळावा भाग, आणि लांबी म्हणजे चेहऱ्याच्या लांबीचा विसावा भाग, हे गणित दंतवैद्यकात रूढ झाले. रुंदी गालाच्या दोन्ही हाडांवर, जिथे चेहरा सर्वात रुंद असतो तिथे, कॅलिपर लावून मोजतात. लांबी कपाळावर केस सुरू होतात तिथपासून हनुवटीच्या खालच्या कडेपर्यंत. (ज्या दादाजींचे केस टाळूपर्यंत मागे गेले आहेत त्यांनी काय करायचे, हा प्रश्न आम्ही डॉक्टरांना विचारला. ते नुसते हसले.)

नाकाचे मापही घेतात. दोन्ही नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांमधून सरळ खाली रेघ ओढली तर ती वरच्या सुळ्यांच्या टोकांपाशी येते, असा अनुभव आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने त्याला आकडा दिला. नाकाची रुंदी गुणिले १.३१ केली की एका सुळ्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे, दातांच्या कमानीवरून मोजलेले अंतर मिळते. नाक ३५ मिलिमीटर असेल तर हे अंतर जवळपास ४६ मिलिमीटर. डोळ्यांवरूनही हिशेब होतो. दोन बाहुल्यांमधले अंतर भागिले ६.६ म्हणजे मधल्या एका दाताची रुंदी, असे १९८४ च्या एका अभ्यासात मांडले गेले. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधले अंतर वापरणारी पद्धतही आहे, तिच्यावर २००१ मध्ये सौदी अरेबियात तिथल्या लोकांची मापे घेऊन काम झाले. तोंड मिटून ओठ सैल सोडले की तोंडाचे कोपरे जिथे येतात तिथे सुळ्याची मागची कड धरतात. हाताच्या बोटांची लांबी आणि चेहऱ्याच्या खालच्या भागाची उंची यांचा संबंध शोधण्याचे प्रयत्न आपल्या देशातल्या संशोधकांनीही केले आहेत.

दोन मापे, दोन उत्तरे

आता एक साधे उदाहरण करून पाहू. समजा एका बाईंचा चेहरा गालांवर १२८ मिलिमीटर रुंद आहे आणि बाहुल्यांमधले अंतर ६० मिलिमीटर आहे. अशी मापे काही विरळा नाहीत. गालाच्या हिशेबाने, १२८ भागिले १६, दात आठ मिलिमीटरचा हवा. डोळ्यांच्या हिशेबाने, ६० भागिले ६.६, तो नऊ मिलिमीटरपेक्षा थोडा मोठा येतो. माणूस एक, चेहरा एक, आणि दोन मापांत एका दातामागे एक मिलिमीटरहून जास्त फरक. मधल्या दोन दातांतच दोन मिलिमीटर गेले.

असे का होते? हे आकडे शेकडो लोकांच्या मापांची सरासरी काढून आलेले आहेत. शंभर माणसांच्या गर्दीत रुंद नाकाच्या माणसांचे दात थोडे रुंद निघतात, हे खरे. पण त्या गर्दीतली एक ठराविक दादी सरासरीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे सरासरी सांगू शकत नाही. दर्जी सगळ्या घरातल्या माणसांची सरासरी काढून कुर्ता शिवत नाही, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट वयाची. मापांचे बरेचसे अभ्यास सगळे दात शाबूत असलेल्या तरुणांवर होतात, कारण दात मोजायचे तर ते तोंडात असायला हवेत. त्यांचा उपयोग मात्र होतो सत्तरीच्या माणसांवर. वयाबरोबर नाक पसरते, गाल ओघळतात, दात गेल्यावर ओठांचा आधार जातो आणि तोंडाचे कोपरे खाली येतात. म्हाताऱ्या नाकावरून तरुण दाताचा हिशेब केला तर तो मोठाच निघणार. डोळ्यांमधले अंतर मोठेपणी जवळपास तेच राहते, हा त्या मापाचा फायदा.

तिसरे, एका मुलुखातल्या लोकांचे गुणोत्तर दुसऱ्या मुलुखात जसेच्या तसे चालत नाही. अमेरिकेतल्या लोकांच्या नाकावरून काढलेला आकडा सोलापूरच्या किंवा रत्नागिरीच्या नाकाला का लागू व्हावा? बाई आणि पुरुष यांच्यातही फरक येतो.

म्हणून जाणते डॉक्टर एकाच मापावर विसंबत नाहीत. तीन-चार मापे घेतात, साच्यांच्या तक्त्यातले दोन-तीन नंबर बाजूला काढतात, आणि खरा निर्णय मेणावर करतात. आमच्या पहिल्या कवळीच्या वेळी काय झाले होते? दादीला खुर्चीवर बसवले, ठसा घेतला, आणि पुढच्या खेपेला दात तयार. कोणते माप घेतले ते कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. विचारायला पाहिजे होते.

चष्म्याचा नंबर आणि वलिम्याचा फोटो

सगळ्या मापांपेक्षा उपयोगाचा असतो तो जुना फोटो, दात दिसणारा. आणि इथेच बाहुल्यांमधल्या अंतराचा खरा फायदा होतो.

रीत अशी. फोटोत दोन बाहुल्यांमधले अंतर मोजायचे, समजा ते १२ मिलिमीटर आहे. प्रत्यक्षात ते ६० आहे. म्हणजे फोटो पाच पटीने लहान. फोटोत पुढचा मधला दात १.६ मिलिमीटर भरला तर खरा दात पाच पट, म्हणजे आठ मिलिमीटरचा. कोणत्याही सरासरीची गरज नाही, त्याच माणसाचे माप त्याच माणसाला. फोटो समोरून काढलेला हवा, मान वाकडी नको, आणि चेहरा जितका मोठा तितके माप खरे. आज मोबाईलवर फोटो मोठा करून हे घरीही करता येते. बाहुल्यांमधले अंतर तर चष्म्याच्या दुकानात मोजतातच, काच बसवताना त्यांना ते लागते, आणि पुष्कळदा कार्डावर लिहिलेले असते.

अडचण फोटोचीच आहे. आमच्या घरात दादीचे तरुणपणाचे फोटो होते किती? एक निकाहच्या वेळचा, त्यात मान खाली. एक रेशन कार्डाचा. एक हजच्या पासपोर्टचा, आणि पासपोर्टच्या फोटोत तोंड मिटलेलेच लागते. त्या पिढीतल्या बायका कॅमेऱ्यापुढे हसत नसत, आणि हसल्याच तर पदर तोंडावर यायचा. शेवटी फुफीच्या सासरच्या अल्बममध्ये वलिम्याचा एक फोटो मिळाला. दादी कोपऱ्यात बसून कुणाच्या तरी बाळाला खीर भरवत आहे आणि बाळाने तोंड फिरवल्यामुळे खळखळून हसत आहे. तिला कळलेही नसेल की फोटो निघाला. त्यात दिसले की दादीचे मधले दात लहान होते, त्यांच्यात बारीकशी फट होती आणि डावीकडचा शेजारचा दात जरासा आत वळलेला होता. आम्ही तीस-चाळीस वर्षे हा चेहरा रोज पाहिला होता. फट कुणालाच आठवत नव्हती.

तेव्हा ज्यांच्या घरात अजून कुणाचे दात काढायचे आहेत त्यांनी एवढे जरूर करावे. काढण्याआधी डॉक्टरांना सांगून ठसा घ्यावा आणि प्लास्टरचा साचा जपून ठेवावा. समोरून, ओठ मागे घेऊन, एक स्पष्ट फोटो काढून ठेवावा. काढलेले पुढचे दात धड असतील तर धुऊन डबीत ठेवावेत. जुनी कवळी असेल तर नवी आली म्हणून फेकू नये. काहीच नसेल तर सख्ख्या बहिणीचे किंवा मुलीचे दात डॉक्टरांना दाखवता येतात, कारण घराण्याची ठेवण पुष्कळदा सारखी असते.

सनाया आणि फा

आता शिकवण्याबद्दल. दादी कवळी घालून मुलांसमोर का बसेना, हे आम्हाला सर्वात उशिरा समजले.

ज्यांनी तजवीद शिकली आहे त्यांना दातांची नावे आधीच माहीत असतात. वरचे दोन आणि खालचे दोन मधले दात म्हणजे सनाया. त्यांच्या शेजारचे चार रबाइयात, मग चार सुळे म्हणजे अनयाब, आणि मागच्या वीस दाढा म्हणजे अज़रास. मखरजांचा हिशेब या नावांवरच चालतो. फा हे अक्षर वरच्या सनायाची कड खालच्या ओठाच्या आतल्या भागाला लागून निघते. सा, ज़ाल आणि ज़ो ही तीन अक्षरे जिभेचे टोक वरच्या सनायाच्या कडेला लागल्यावर निघतात. ता, दाल, तो या अक्षरांना जीभ त्याच दातांच्या मुळांपाशी टेकते.

म्हणजे वरच्या मधल्या दातांची कड दोन मिलिमीटर खाली आली, किंवा दात पुढे गेले, की ही अक्षरे सरकलीच. कवळीचा टाळूचा भाग पुढून जाड असेल तर जिभेला जागा पुरत नाही. दादीच्या कानाला ते पहिल्याच दिवशी कळले होते. मुले उस्तादच्या तोंडाकडे बघून शिकतात, आणि आपल्या तोंडून चुकीचा फा मुलांच्या तोंडात जाईल, या भीतीने तिने शिकवणेच सोडले होते. आम्ही मात्र तिला हट्टी म्हणत होतो.

गंमत म्हणजे दंतवैद्यकाची चाचणीही हीच आहे. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेले असते की रोग्याला पन्नासच्या पुढचे आकडे इंग्रजीत मोजायला लावा, कारण 'फिफ्टी' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठावर, कोरडा आणि ओला भाग जिथे मिळतात तिथे, हलकेच टेकली पाहिजे. पण आपली माणसे मोजतात पन्नास, एक्कावन्न, बावन्न. त्यात फ आहेच कुठे? आणि मराठीतला 'फळ'मधला फ पुष्कळजण दोन्ही ओठ मिटून काढतात, तिथे दाताचा संबंधच येत नाही. त्यामुळे ही चाचणी आपल्याकडे नीट होतच नाही. दादीने मात्र दुसऱ्या डॉक्टरांसमोर एक रुकू पठण केला, आणि त्यात फा शोधावा लागत नाही. डॉक्टर मुस्लिम नव्हते. त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि दादीला विचारले, "आजी, कोणता शब्द अडतो ते तुम्हीच सांगा." दादीने सांगितले. त्यांनी मेणातले दात दीड मिलिमीटर वर घेतले.

स साठी मात्र आपले आकडे उत्तम. साठ, एकसष्ट, बासष्ट असे सत्तरपर्यंत मोजायला लावावे. शिटी वाजली किंवा वरचे-खालचे दात आपटले तर काहीतरी चुकले आहे.

वयाला शोभणारे

घरातली तरुण मंडळी इथे फार घोळ घालतात, आम्हीही घातला. रंग निवडायला डॉक्टर जी पट्टी दाखवतात तिच्यावर बहुधा ए-१ पासून डी-४ पर्यंत सोळा नमुने असतात. लालसर तपकिरी छटा, लालसर पिवळी, करडी आणि लालसर करडी असे चार गट. आम्ही बोट ठेवले सर्वात पांढऱ्यावर. सत्तरीच्या चेहऱ्यावर असे दात आरशासारखे चमकतात आणि लांबूनच कवळी ओळखू येते. पट्टी चेहऱ्याजवळ धरून, खिडकीच्या उजेडात, त्वचेच्या रंगाशी ताडून बघावी. दवाखान्याच्या दिव्याखाली सगळेच चांगले दिसते.

दात किती दिसावेत यालाही वय आहे. १९७८ मध्ये विग आणि ब्रुंडो या दोघांनी ओठ सैल असताना दाताचा किती भाग दिसतो ते मोजले. तिशीच्या आतल्यांत वरचे मधले दात सरासरी ३.३७ मिलिमीटर दिसत, चाळिशीत एकाच्या आसपास, आणि साठीनंतर जवळपास शून्य. खालच्या दातांचे उलटे, तरुणपणी अर्धा मिलिमीटर आणि साठीनंतर २.९५. ओठ वयाबरोबर खाली येतात म्हणून हे होते. तेव्हा साठीच्या पुढे बोलताना खालचे दात जास्त दिसणे स्वाभाविक आहे. फिल्मी हिरोईनसारखे वरचे दात दिसावेत असा आग्रह धरला की फाही बिघडतो आणि चेहराही.

१९५० च्या दशकात फ्रश आणि फिशर यांनी सांगितले की दात बाई-पुरुष, स्वभाव आणि वय बघून निवडावेत, बाईचे गोलसर आणि पुरुषाचे कोनदार. वयाचे म्हणणे आम्हाला पटते. बाकीचे पटत नाही. आमच्या ओळखीत गोलसर दातांचे पैलवान आहेत आणि चौकोनी दातांच्या नाजूक मुली आहेत.

चेहऱ्याची उंची हे आणखी एक माप. दात गेल्यावर हनुवटी नाकाकडे सरकते, तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा पडतात. जुन्या नियमाप्रमाणे डोळ्याच्या बाहुलीपासून ओठांच्या फटीपर्यंतचे अंतर आणि नाकाच्या खालून हनुवटीपर्यंतचे अंतर साधारण सारखे धरतात. सैल बसल्यावर वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. ती नसेल तर दात खटखट वाजतात आणि संध्याकाळपर्यंत जबडा दुखतो.

दाढांसाठी चेहऱ्याची मापे लागत नाहीत, तिथे खालच्या हिरडीवर जागा किती आहे ते बघतात. खालचे हाड वरच्यापेक्षा खूप जास्त झिजते. टालग्रेन या संशोधिकेने २५ वर्षे कवळी वापरणाऱ्यांचा पाठपुरावा करून १९७२ मध्ये दाखवले की ही झीज पुढच्या भागात सुमारे चौपट असते. म्हणून खालची कवळी हलते, आणि म्हणून तिथे अरुंद दाढा लावतात.

मेणावरच्या दिवशी

कवळी पक्की होण्याआधी दात मेणात लावून तोंडात बसवून बघतात. हा एक दिवस सगळ्या मापांपेक्षा महत्त्वाचा, कारण मेणातला दात पाच मिनिटांत हलतो आणि कवळी पक्की झाली की हलत नाही. त्या दिवशी दादीला एकटीला किंवा नुसत्या ड्रायव्हरबरोबर पाठवू नका. तिचा चेहरा लहानपणापासून पाहिलेले कुणीतरी बरोबर असू द्या, बहीण किंवा मोठी मुलगी. ज्या बायका नकाब घेतात त्यांनी आधीच सांगून ठेवावे, दार लावून किंवा लेडी डॉक्टरसमोर बसण्याची सोय बहुतेक ठिकाणी होते. घाईने नकाब अर्धा वर करून घेतलेले माप काय कामाचे? आरसा मागा, आणि तो हातभर लांब धरा. हसा, मोजा, पठण करा, घरच्यांशी गप्पा मारा. निदान अर्धा तास तरी. आवडले नाही तर त्याच वेळी सांगा, डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. दादी पहिल्या वेळी गप्प राहिली होती.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कवळीचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त होतात, पण मापे एकेक करून, वहीत लिहून घेतली जातात.

दादीची दुसरी कवळी आठ मिलिमीटरच्या मधल्या दातांची झाली. डॉक्टरांनी बारीक फट ठेवली आणि डावीकडचा दात फोटोत होता तसा किंचित आत वळवला. घरी आल्यावर फुफीला व्हिडिओ कॉल लावला, तर ती काही बोललीच नाही, रडायला लागली. ओसरीवर आता सात मुले येतात. खालची कवळी भाकरीला अजून हलते, त्यामुळे दादी भाकरी सालनात भिजवून खाते.